‘हा विषय राज्यशास्त्रात बसतो का?’

पीएचडीच्या संशोधन आराखड्याला मान्यता देणाऱ्या समितीसमोर मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा सादरीकरणासाठी दहा मिनिटे ठरलेली होती आणि त्यांपैकी जेमतेम चार मला मिळाली. पाचव्या मिनिटाला एका ज्येष्ठ सदस्यांनी माझा आराखडा उलटा करून टेबलावर ठेवला आणि विचारले, “हा विषय राज्यशास्त्रात बसतो का? वंश म्हटले की मानववंशशास्त्र, देशांतर म्हटले की लोकसंख्याशास्त्र, आणि तिसरा जो भाग आहे,” इथे ते क्षणभर थांबले, “तो बहुधा मानसशास्त्रात जाईल.” तिसरा भाग म्हणजे लैंगिकता. बाकीचे सदस्य हसले नाहीत, पण कोणी आक्षेपही घेतला नाही. ही गोष्ट २०१६ च्या उन्हाळ्यातली आहे. बाहेरच्या ओसरीत कूलरसमोर माझ्यासारखेच पंधरा-वीस जण फायली छातीशी धरून बसलेले होते आणि आत गेलेला माणूस किती वेळात बाहेर येतो, यावरून आपले भवितव्य ताडत होते. मी फार लवकर बाहेर आले.

या विषयाकडे मी कशी वळले हे सांगायचे तर नागपूरच्या इंदोऱ्यापासून सुरुवात करावी लागेल. माझे वडील मोतीबागच्या रेल्वे कारखान्यात कामाला होते आणि आमचे घर इंदोऱ्यात, म्हणजे आंबेडकरी वस्तीत. तिथून पायी पंधरा मिनिटांवर जरीपटका. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची ती वसाहत आता भरभराटलेली बाजारपेठ आहे, पण त्याच गल्ल्यांमध्ये त्यानंतर कितीतरी वर्षांनी पाकिस्तानातून, व्हिसावर, आलेली कुटुंबेही राहतात. माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीच्या घरी दर काही महिन्यांनी सगळे जण नवे कपडे घालून पोलिसांच्या विदेशी नागरिक शाखेत जात असत आणि त्या दिवशी ती शाळेत येत नसे. आम्हाला ते लग्नाला जाण्यासारखे वाटे. ती मैत्रीण आणि मी एकाच बाकावर बसत होतो, दोघींनाही शाळेत निरनिराळी प्रमाणपत्रे आणून द्यावी लागत होती आणि दोघींच्याही आया ती कागदपत्रे गादीखाली ठेवत असत, एवढे साम्य मला त्या वयातही दिसले होते. त्याचे काय करायचे हे मात्र कळायला पुढे पंधरा वर्षे लागली.

एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असताना धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत, दीक्षाभूमीबाहेरच्या पुस्तकांच्या दुकानांतून मी अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीविषयीची दोन जुनी पुस्तके उचलली. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले, हे आमच्या वस्तीतल्या कोणत्याही पोराला पाठ असते; पण त्या नावापलीकडे अमेरिकेत वंशाचा आणि नागरिकत्वाचा संबंध कसा होता, हे मला ठाऊक नव्हते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे जुने निवाडे इंटरनेटवर मोफत मिळतात. प्राध्यापकपदासाठीच्या ‘नेट’ या पात्रता परीक्षेची तयारी करण्यासाठी मी ज्या अभ्यासिकेत बसत असे, तिथे एका रात्री मी १९ फेब्रुवारी १९२३ चा भगतसिंग थिंड यांच्याविरुद्धचा निवाडा वाचला, आणि नेटचा अभ्यास त्या आठवड्यापुरता बाजूला पडला.

थिंड हे अमृतसर जिल्ह्यातले शीख गृहस्थ १९१३ साली अमेरिकेत गेले, पहिल्या महायुद्धात त्यांनी अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केली आणि मग नागरिकत्व मागितले. त्या काळच्या कायद्यानुसार ‘गोरा’ असल्याशिवाय (किंवा आफ्रिकी वंशाचा असल्याशिवाय) ते मिळत नसे. थिंड यांच्या बाजूचा युक्तिवाद असा की ते उच्चजातीय आहेत, आर्य रक्ताचे आहेत, जातीच्या कडक निर्बंधांमुळे ते रक्त शुद्ध राहिले आहे, आणि म्हणून ते गोऱ्यांत मोडतात. न्यायालयाने तो फेटाळला आणि सांगितले की वंशशास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य गोरा माणूस ज्याला गोरा समजत नाही तो गोरा नव्हे. इंदोऱ्यात वाढलेल्या मुलीने हे वाचताना काय वाटून घ्यावे? गोरेपणाच्या दारावर जातीचा दाखला सादर केला जातो आणि दारवान म्हणतो, हा दाखला इथे चालत नाही. त्याच १९१३ साली आणखी एक भारतीय न्यूयॉर्कमध्ये उतरला होता आणि ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या एका परिसंवादात त्याने भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला होता. बाबासाहेबांचा तो निबंध मी आधीही वाचलेला होता, परंतु तो थिंड यांच्या निवाड्याशेजारी ठेवून वाचल्यावर मला माझा विषय सापडला: आपण कोण आहोत याचा पुरावा राज्यसंस्था माणसाकडून कसा मागते, आणि तो देताना माणूस काय काय विकायला काढतो.

तर समितीने तो विषय परत पाठवला. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी त्यावर चिडण्याऐवजी मला एक हिशेबी सल्ला दिला. त्या म्हणाल्या, “समितीला विषय नको असतो असे नाही, समितीला शीर्षक नको असते. शीर्षक त्यांचे होऊ दे, प्रकरणे तुझी राहतील.” माझ्या मूळ शीर्षकात वंश, देशांतर आणि लैंगिकता हे तिन्ही शब्द होते. दुसऱ्या खेपेला ते ‘नागरिकत्वाचे राजकारण आणि वंचित घटक: एक तुलनात्मक अध्ययन’ असे झाले आणि सात मिनिटांत मंजूर झाले. आपल्याकडच्या प्रबंधांच्या शीर्षकात ‘एक अध्ययन’ हे शेपूट का असते, याचे कारण मला त्या दिवशी समजले: तेवढ्याने वाचणाऱ्याची खात्री पटते की आत काही धोकादायक नाही. ही तडजोड मी केली आणि तिचा मला आजही पूर्ण पश्चात्ताप होत नाही, जरी तिची किंमत पुढे मोजावी लागली.

प्रबंध मराठीतून लिहायचे मी ठरवले होते आणि पहिले वर्ष बहुतांशी शब्दांशी झगडण्यात गेले. ‘रेस’ला मराठीत वंश म्हणतात, हे कोशात ठीक आहे. मी आईला विषय समजावून सांगत होते तेव्हा ती म्हणाली, “वंश म्हंजे? पोरगा झाला तर वंश चालते, तोच न?” तिचे चूक नव्हते. आपल्या भाषेत वंश चालतो, बुडतो, त्याला दिवा लागतो. तो घराण्याचा असतो, कातडीच्या रंगाचा नसतो. मग ज्या समाजात वंश या शब्दाचा पहिला अर्थ कुळ आणि मुलगा असा आहे, त्या समाजाच्या वाचकाला अमेरिकेतला वर्णभेद वंशभेद म्हणून सांगताना मी नक्की काय सांगत होते? ‘स्थलांतर’ या शब्दाची अडचण निराळी होती. विदर्भात स्थलांतर म्हटले की डोळ्यांसमोर वीटभट्टीवर निघालेली किंवा कामासाठी हैदराबादची गाडी पकडणारी कुटुंबे येतात. त्यात सीमा, पासपोर्ट आणि परकेपणा येत नाही. म्हणून मी ‘देशांतर’ वापरला. ‘जेंडर’साठी लिंगभाव आणि ‘सेक्शुअ‍ॅलिटी’साठी लैंगिकता हे शब्द स्त्रीवादी लेखनाने रुळवलेले होते, तेवढी वाट सोपी झाली. समलिंगी, पारलिंगी, तृतीयपंथी, किन्नर यांपैकी कोणता शब्द कुठे वापरायचा, हे मात्र मी पुस्तकांतून ठरवले नाही; ज्या माणसाविषयी लिहायचे तो स्वतःला जे म्हणवतो ते, असा नियम केला आणि त्यामुळे एकाच प्रकरणात चार शब्द आले. टंकलेखन करणाऱ्या काकांनी ती चूक समजून दोनदा सगळीकडे एकच शब्द करून टाकला होता.

कोर्सवर्कच्या काळात, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, नवतेज जोहर खटल्याचा निकाल आला आणि प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर पडले. त्या सायंकाळी संविधान चौकात जमलेल्या तरुणांमध्ये मीही उभी होते. सारथी ट्रस्टसारख्या संस्था नागपुरात त्याआधीपासून काम करत होत्या, त्यामुळे या शहरात असे लोक अचानक उगवले असे म्हणणाऱ्यांना मी तेव्हापासून उत्तर देणे सोडून दिले आहे. दुसऱ्या दिवशी विभागात एक प्राध्यापक मला म्हणाले, “चला, तुमचा प्रश्न सुटला.” ‘तुमचा’ या सर्वनामात त्यांनी माझ्याविषयी जे गृहीत धरले होते, त्याकडे मी पुढे येईन.

तुलनेच्या अमेरिकी बाजूत मला सर्वाधिक काळ गुंतवून ठेवले ते दोन माणसांच्या प्रकरणांनी. पहिला क्लाइव्ह बुटिलिए, कॅनडाचा नागरिक, १९५५ साली अमेरिकेत आला आणि १९६३ साली त्याने नागरिकत्वासाठी अर्ज केला. अर्जात त्याने आपल्या एका जुन्या अटकेची माहिती प्रामाणिकपणे दिली, मग अधिकाऱ्यांनी मागितले म्हणून आपल्या खासगी आयुष्याविषयी प्रतिज्ञापत्रही दिले, आणि त्याच कागदाच्या आधारे त्याला देशाबाहेर काढण्याचा निर्णय झाला. १९५२ च्या देशांतर कायद्यातील ‘मनोविकृत व्यक्तिमत्त्व’ या शब्दांत समलिंगी व्यक्ती येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले. ही बंदी कायद्यातून गेली ती १९९० साली. दुसरा माणूस क्युबाचा फिडेल टोबोसो-अल्फोन्सो. क्युबाच्या सरकारने समलिंगी म्हणून १९६७ पासून त्याची फाइल उघडलेली होती आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्याला हजर राहावे लागत असे. १९८० साली तो अमेरिकेत पोहोचला. त्याला परत पाठवू नये हा निर्णय अपील मंडळाने १९९० साली कायम केला आणि १९९४ साली तो इतर प्रकरणांसाठीही मार्गदर्शक ठरवण्यात आला.

एकाच वर्षी, १९६७ मध्ये, एका देशात एका माणसाच्या विरोधात निवाडा होतो आणि दुसऱ्या देशात दुसऱ्याची फाइल उघडली जाते. पुढे तीच फाइल त्याला आसरा मिळवून देते. आधी अर्जदाराला आपण तसे नाही हे दाखवावे लागत होते. नंतरच्या आश्रयार्थींना आपण तसेच आहोत हे सिद्ध करावे लागू लागले. पुरावा मागणारी खिडकी जागच्या जागीच राहिली. प्रबंधाचे हे तिसरे प्रकरण मी सहा वेळा लिहिले आणि आजही माझे सर्वांत बरे लेखन तेच आहे, असे मला वाटते.

क्षेत्रकार्य नागपुरात होते आणि त्याचे दोन भाग होते. जरीपटक्यात मी दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबांना भेटत असे. त्यांच्या बोलण्यात तो ‘एलटीव्ही’. १९९० च्या दशकात आलेले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना मी चाचा म्हणत असे, प्रत्येक भेटीत आधी दाल-पकवान समोर ठेवत आणि मग प्लास्टिकच्या थैलीतून कागद काढत. केंद्र सरकारने डिसेंबर २०१६ मध्ये देशातील सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जदारांच्या नागरिकत्वाबाबत अधिकार दिले होते आणि त्यांत नागपूर होते, त्यामुळे सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या चकरा हे चाचांच्या आयुष्याचे वेळापत्रक झाले होते. त्यांच्या थैलीत मुदत संपलेला पाकिस्तानी पासपोर्ट होता, भाडेपावत्या होत्या, वडिलांच्या जन्मगावाविषयीचे शपथपत्र होते. ते म्हणत, “बेटा, मैं कौन हूँ ये मुझे छोड़के सबको देखना है.” मी ते वाक्य तसेच्या तसे, हिंदीतच, प्रबंधात ठेवले.

दुसरा भाग तृतीयपंथीयांच्या एका डेऱ्यातला, म्हणजे गुरू आणि चेले एकत्र राहतात त्या घरातला. तिथे पहिल्याच भेटीत संमतिपत्राचा नमुना पुढे केला आणि काम तिथेच थांबले. गुरूंनी कागद हातातही घेतला नाही. “सही करायला लावणारा माणूस आजवर कधी आमच्या भल्यासाठी आलेला नाही,” असे त्या म्हणाल्या. पुढचे चार महिने मी कागदाशिवाय जात राहिले, चहा घेत राहिले, एका चेल्याच्या आधारकार्डातील नाव बदलण्यासाठी रांगेत उभी राहिले, आणि मग तोंडी संमती ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी मॅडमनी मिळवून दिली. एके दिवशी गुरूंनी उलट विचारले, “तू आमचं सगळं विचारून राहिली. तुझं काय?” तो प्रश्न मला रास्त वाटला आणि मी त्यांना खरे उत्तर दिले. ते उत्तर मी इथे देणार नाही. त्यांनी ते देवाणघेवाणीत मागितले होते.

मग २०१९ चा डिसेंबर उजाडला. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाच्या कायद्याला ५ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि नागरिकत्व दुरुस्ती कायद्याला १२ डिसेंबरला. माझ्या प्रबंधाचे दोन्ही पाय सात दिवसांत हलले. दुरुस्ती कायद्याने तीन शेजारी देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी वेगळी वाट काढली आणि वास्तव्याची अट अकरा वर्षांवरून पाचावर आणली. जरीपटक्यात त्या आठवड्यात पेढे वाटले गेले आणि शहराच्या दुसऱ्या भागांत लोक रस्त्यावर उतरले. एका वस्तीतला पेढा तोंडात असताना दुसऱ्या वस्तीतली भीती कशी लिहायची, हा पेच मला कोणत्याही संशोधनपद्धतीच्या पुस्तकाने सोडवून दिला नाही. डेऱ्यात मात्र पेढे नव्हते. १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला दिला होता. नव्या कायद्याने त्या ओळखीचे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यायला सांगितले. तेव्हाच्या तरतुदीनुसार पहिल्या प्रमाणपत्रासाठी स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरत होते, पण शस्त्रक्रियेनंतर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असेल तर रुग्णालयाचा कागद जोडावा लागणार होता. म्हणजे चाचा आणि डेऱ्यातली मंडळी, ज्यांना एकमेकांचा पत्ताही नव्हता, ती आता एकाच इमारतीच्या दोन खिडक्यांवर उभी राहणार होती. तुलनेची ही जागा मला मुद्दाम शोधूनही सापडली नसती.

त्यानंतर टाळेबंदी आली, मुदतवाढी मिळाल्या, क्षेत्रकार्य फोनवर आले आणि फोनवर डेऱ्यातली बोलणी दोन वाक्यांपलीकडे जाईनात. मंगतीचे, म्हणजे दुकानांत-गाड्यांत फिरून पैसे मागण्याचे, उत्पन्न बंद झालेल्या घरात ‘नागरिकत्वाची संकल्पना’ विचारायला माझी जीभ रेटेना, तेव्हा मी काही महिने मुलाखती थांबवून किराणा पोचवला. सहामाही प्रगती अहवालात त्याला ‘सहभागी निरीक्षण’ म्हटले.

प्रबंध २०२२ च्या अखेरीस सादर झाला. वाङ्मयचौर्य तपासणीत २०१८ च्या नियमानुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. माझे त्याहून अधिक आले, कारण यंत्राने कायद्यांच्या कलमांचा मूळ मजकूरही उचललेला म्हणून धरला. तो काढून पुन्हा तपासणी करण्यात पाच आठवडे गेले. मौखिकीत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिसऱ्या प्रकरणावर पाऊण तास प्रश्न विचारले. बुटिलिएच्या प्रकरणात मी वंशाचा विचार का केला नाही, तो गोरा होता म्हणून का, असे त्यांनी विचारले, आणि माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. वंशाचा विचार फक्त काळ्यांच्या किंवा भारतीयांच्या प्रकरणात करायचा आणि गोऱ्याला वंश नाही असे धरून चालायचे, ही चूक मी केली होती. जातीविषयी हीच चूक करणाऱ्यांवर मी वर्गात किती वेळा टीका केली होती!

नोकरीची कथा थोडक्यात सांगते, कारण तिच्यात माझे वेगळे असे फार नाही. गेली काही वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवते आहे. तासांचे मानधन महिनोन्महिने रखडते, उन्हाळ्यात काहीच मिळत नाही, आणि वर्गात शिकवायचे असते ते भारतीय संविधान आणि पाश्चात्त्य राजकीय विचारवंत. सहायक प्राध्यापकपदाच्या तीन मुलाखती दिल्या. पहिलीत शीर्षकाची किंमत मोजली: तज्ज्ञ म्हणाले, “वंचित घटक म्हणजे फार मोघम आहे, तुमचे नेमके विशेषीकरण काय?” दुसरीत मी नेमके सांगितले, तर विचारले गेले की तुम्ही बौद्ध आहात, मग आंबेडकरी चळवळ सोडून हे कशाला. थिंड यांचा निवाडा मी त्यांना चार वाक्यांत सांगितला, पण त्यांना तो अवांतर वाटला. तिसऱ्या मुलाखतीत एका सदस्यांनी अगदी सौजन्याने विचारले, “मॅडम, गैरसमज करून घेऊ नका, पण तुम्ही स्वतः त्यांच्यातल्या आहात का?” मी सांगितले की संशोधकाच्या भूमिकेविषयी प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात अकरा पाने आहेत. प्रबंध त्यांच्या टेबलावर नव्हता. तिथे टेबलावर माझी फाइल होती, तीत मूळ गुणपत्रिका, जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नेटचे प्रमाणपत्र आणि पीएचडीची अधिसूचना अशा क्रमाने लावलेली.

पदवीची अधिसूचना निघायला उशीर होत होता त्या दिवसांत मी जरीपटक्याला गेले होते. चाचांना तोवर नागरिकत्वाचे प्रमाणपत्र मिळालेले होते. त्यांनी ते काचेच्या चौकटीत न लावता त्याच प्लास्टिकच्या थैलीत सगळ्यांत वर ठेवले होते, कारण मतदार यादीत नाव घालायला, मुलाच्या अर्जाला जोडायला ते सारखे लागत होते. मला पाहताच त्यांनी विचारले, “तुम्हारा सर्टिफिकेट आया?” मी नाही म्हटले. त्यांनी सुनेला आणखी एक पकवान वाढायला सांगितले आणि माझी कागदपत्रे कोणत्या खिडकीवर अडली आहेत, तिथला बाबू कोण, त्याला दुपारी जेवणाआधी भेटावे की नंतर, याची बारकाईने चौकशी सुरू केली.